वैभवच्या टाकीतला शेवटचा मासा

परळच्या एका इस्पितळात दौलत परबने बत्तीस वर्षं ऑपरेशनची हत्यारं उकळली. डॉक्टर आले नि गेले, दौलतचा नियम मात्र हलला नाही: जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून ते नसतात असं समजू नये. निवृत्त झाल्यावर घरातल्या गॅसचे बर्नर तो टाचणीने कोरत बसे. बायको, रमाबाई, म्हणायची, "अहो, शेगडी आहे ती, पेशंट नाय." तेव्हा ती बोलायची.

करी रोडला चाळ पडून टॉवर झाला, तिथे एकोणिसाव्या मजल्यावर त्यांना घर मिळालं. त्या घरात एकुलत्या एका मुलाने, वैभवने, समुद्री माशांची चार फुटी टाकी हौसेने मांडली. आत दगड, वाळू आणि सात मासे. आईबापाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आणि मग चौतिसाव्या वर्षी, आठ दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन, वैभव गेला.

दहाव्या दिवशी बाणगंगेवर पिंडाला कावळा शिवेना. दौलतने हात जोडले, आईला सांभाळीन म्हणाला. वैभवच्या मामाने आणखी काही कबूल केलं. कावळे कठड्यावर बसून राहिले. शेवटी रमाबाई पुढे झाली आणि म्हणाली, "तुझे मासे मी मरू द्यायची नाय रे बाबा." कावळा खाली उतरला. हसणाऱ्याने खुशाल हसावं. तिथे उभं राहिलेला माणूस हसत नाही.

शब्द दिला खरा, पण शब्दावर मासे जगत नाहीत. रमाबाई मायेने मूठ मूठ खाणं घाली, ते तळाशी कुजे. दहा महिन्यांत सहा मासे गेले. पाणी चहासारखं झालं, काचेवर शेवाळ, कडांना मिठाची खपली. उरला एकच, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला. सकाळी कामं उरकली की रमाबाई त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसे आणि त्याच्याशी हळू आवाजात बोले. माणसांशी तिने बोलणं जवळजवळ सोडलंच होतं. हाही गेला तर ही हातची जाईल, ही धास्ती दौलतने घेतली.

म्हणून चौसष्टाव्या वर्षी तो शिकायला निघाला. दादरला दीपेशचं माशांचं दुकान होतं, वैभव तिथेच जायचा. दीपेश कोळ्याचा पोरगा, तोंडाने फटकळ, मनाने साफ.

"काका, एक लक्षात ठेवा, घाई नाय करायची," तो म्हणाला. "आठवड्याला दोन बादल्या पाणी काढायचं, तेवढंच मिठाचं बनवून टाकायचं. रोज उडतं ते पाणी साधं भरायचं, मीठ काय उडत नाय. आणि दगडाला हात लावू नका. अजिबात. सगळी घाण तोच पचवतो. दगड जिवंत असतो."

"दगड?"

"हो काका, दगड."

दौलत मुकाट्याने शिकला. खारेपणा मोजायची काचेची नळी तो थर्मामीटरसारखी उजेडात धरून वाची. खाणं चिमटीवर आणलं. बायकोचा हात धरून तिला चिमूट दाखवली, तेव्हा ती कित्येक महिन्यांनी त्याच्याकडे बघून म्हणाली, "एवढंसंच?" त्या एका शब्दाने त्याला दिवसभर बरं वाटलं. सहा आठवड्यांत पाणी निवळलं. मासा कोपरा सोडून काचेपाशी येऊ लागला.

वैभवचं वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलं. रमाबाई दोन दिवस भायखळ्याला बहिणीकडे गेली. गावाहून माणसं येणार, टाकी बघणार. दौलत काच पुसत होता, आणि दगडाच्या भोकातून एक लांबलचक, केसाळ किडा बाहेर आला.

त्याच्या अंगावर काटा आला. पोराच्या टाकीत किडे! दीपेशचे शब्द त्याला आठवले, नाही असं नाही. पण बत्तीस वर्षांची सवय सहा आठवड्यांच्या शिकवणीला थोडीच ऐकते? फोन करून विचारायचंही त्याला सुचलं नाही. मासा त्याने बादलीत काढला. श्राद्धाच्या जेवणासाठी आणलेलं मोठं टोप गॅसवर चढवलं आणि एकेक दगड वीस वीस मिनिटं उकळला. वाळू नळाखाली धुतली, पाणी आरशासारखं होईपर्यंत. टाकीतल्या गाळणीचा स्पंज साबणाने पिळला. मग मापात मीठ घालून नवं पाणी भरलं आणि मासा परत आत सोडला. संध्याकाळी टाकी अशी लखलखली की वैभवने ती पहिल्यांदा मांडली तेव्हाही अशी दिसली नसेल. दौलत स्टुलावर बसून किती तरी वेळ बघत राहिला. खरं सांगायचं तर तो सुखावला होता.

दुसऱ्या दिवशी मासा जेवला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागला. दौलतने दीपेशला फोन लावला.

"दगड उकळले?" दीपेश पलीकडून ओरडला. "काका, तुम्ही त्याचं सगळं घरच मारलंत हो. घाण पचवणारे दगडातले जंतू मेले, त्याची घाण आता त्यालाच विष झाली. पाणी बदला, माझ्याकडचं जुनं पाणी घेऊन येतो मी."

दीपेश कॅन घेऊन आला तोवर अकरा वाजले होते. मासा आडवा झाला होता. दोन-तीनदा त्याने अंग झटकलं, काचेवर आपटला, कल्ले ताणून ताणून उघडले. मग थांबला. दीपेशच म्हणाला, तस्साच दुसरा आणून देतो, मावशींना कळणार नाय. पण या पाण्यात दुसराही जगला नसता, हे दोघांनाही ठाऊक होतं. तो कॅन तिथेच ठेवून गेला.

दुपारी रमाबाई आली. तिने पिशवी खाली ठेवली, लखलखीत टाकी पाहिली, वाटीत झाकून ठेवलेला मासा झाकण काढून पाहिला. दौलतने काय केलं ते सांगितलं, काही लपवलं नाही. ती ओरडेल, कपाळ बडवेल, अशी त्याने मनाची तयारी केली होती. तिने फक्त विचारलं, "तडफडला काय हो?"

"नाय गो," दौलत म्हणाला. "शांत गेला."

रमाबाईने वाटीवर पुन्हा झाकण ठेवलं.

"वैभवचं पण तुमी हेच सांगितलेलं," ती म्हणाली. "मला तेव्हा इस्पितळात आत सोडलं नाय. तुमी होतात आत."

दौलतने तिच्या शेजारी जमिनीवर बसकण मारली. मग त्याने खरं सांगितलं. आधी माशाचं, आणि मग वैभवचं.