गादीखालचा चिमटा

१९९८ची गोष्ट. कुवेतला सालमियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये एका दुपारी लेकीची गादी झटकायला उचलली, तर खाली लोखंडी चिमटा. कोळसे उचलायचा असतो ना, तसला... आमच्या घरात असला चिमटा कधी नव्हताच.

घरात आम्ही तिघंच. मी हॉस्पिटलात नर्स, नवरा रिफायनरीत. मी ड्यूटीवर गेले की सहा महिन्यांच्या ईराला वरच्या मजल्यावरची नोरा आमच्याकडे येऊन सांभाळायची. पन्नाशीची आयरिश बाई, बोलायला गोड... पण मला तिचा संशय आधीपासूनच होता.

सगळी बिल्डिंग ईराचं कौतुक करायची, नोरा कधीच नाही. उलट तिला 'अग्ली लिटल थिंग' म्हणायची. शिवाय आमच्या खिडकीत बशीभर दूध ठेवायची. बशी रिकामी व्हायची, आणि मांजर तर तिकडे कधी फिरकायचंही नाही.

करणीबिरणी मी मानत नाही. पण पोर आपली असली की... ईराला कडेवर घेतलं, हातात चिमटा, आणि तशीच वर गेले. नोकरी सोडेन, पण पोर हिच्याकडे ठेवणार नाही, असं ठरवूनच.

नोरा ओशाळली. मग चहा टाकला आणि सांगू लागली. तिच्या देशात फार पूर्वी वेगळे देव होते. नवा धर्म आला, त्यांची पूजा थांबली, आणि ते म्हणे टेकड्यांच्या पोटात राहायला गेले. पुढे पुढे लोक त्यांना देव म्हणेनासे झाले... पऱ्या म्हणू लागले.

"पूजा सुटली, भीती राहिली," ती म्हणाली. "रुसू नयेत म्हणून दूध ठेवायचं. गोड बाळ दिसलं की पळवतात, पण लोखंडाला भितात. म्हणून तर हिला मी कधी छान म्हणत नाही."

मला आई आठवली. बाळाच्या उशाखाली विळा ठेव, असं तिने फोनवर बजावलं होतं, ते मी हसण्यावारी नेलं होतं. आणि माझ्या सख्ख्या काकांचं नाव दगडू... आधीची दोन भावंडं गेली, याला तरी दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेलं. आमच्या गावच्या वेशीवरच्या राखणदारालाही आता देव कुणी म्हणत नाही, नारळ मात्र कुणी चुकवत नाही.

घरी येऊन चिमटा गादीखाली परत ठेवला. संशय पुरता गेला असं नाही... रिकाम्या होणाऱ्या त्या बशीवर माझा डोळा होताच. पण दुसऱ्या दिवशी ईराला नोराच्या हातात दिलं आणि तिने नेहमीसारखं 'अग्ली' म्हणेपर्यंत दारातच थांबले. ते ऐकलं, मगच ड्यूटीला गेले.

ईरा आता मोठी झाली, सगळे तिला सुंदर म्हणतात. तेवढ्या मायेने तिला कुरूप म्हणणारं माणूस मात्र पुन्हा भेटलं नाही.