मंगळवारी सुटलेली शपथ

अंबादास पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. माणूस सरळ, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. पण रविवारी जेवणं झाली, की ओतकामाच्या कारखान्यातला हंबीरराव आणि शाळामास्तर जोतीराम घरी यायचे आणि माडीचं दार लागायचं. अंबादासांनी मनानंच एक मुलूख रचून त्याचा मोठा नकाशा काढला होता. नद्या, घाट, बाजारपेठा, सगळं त्यात. हंबीरराव त्या मुलखातला नावाडी, जोतीराम वैद्य. संकट काय आलं ते अंबादास सांगायचे, वाट ज्याची त्यानं काढायची, आणि साधली की फसली ते कवड्या टाकून ठरायचं. पन्नाशीला टेकलेली ही माणसं असा आरडाओरडा करायची, की खाली पोथी वाचणाऱ्या कालिंदीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेजारच्या तानाबाई एकदा नळावर म्हणाल्याच, "वैनी, कवड्यांचा आवाज येतोय की वं! जुगार हाय का करणी?"

"खेळतात हो नुसतं."

"बाप्ये? आन् भातुकली?" नळावर हशा पिकला.

अठ्ठ्याहत्तर साली लेकीला, मीनाक्षीला, जयसिंगपूरचं स्थळ आलं. पाहुण्यांनी गल्लीत चौकशी केली आणि मध्यस्थाला विचारलं, "मुलीच्या वडिलांचं डोकं ठिकाणावर आहे ना?" त्या दिवशी कालिंदीबाईंनी अंबाबाईच्या कुंकवाचा करंडा नवऱ्यापुढं ठेवला. "हात ठेवा यावर. पुन्हा खेळणार नाही म्हणा."

अंबादासांनी हात ठेवला. लग्न पार पडलं. रविवारी दुपारी ते झोपू लागले.

चार वर्षांनी एका शनिवारी सकाळी जोतीराम दारात आला. "वैनी, हंबीरराव दवाखान्यात हाय. काविळीनं पार खंगलाय. सारखं एकच म्हणतोय, माझी नाव पुरात मधीच ऱ्हायलीया, पलीकडं लावून द्या की."

शेवटचा डाव तिथंच थांबला होता.

"मी कुंकवावर हात ठेवलाय," अंबादास म्हणाले. बायकोकडं त्यांनी पाहिलं नाही.

एका शब्दाचं काम होतं. जिनं शपथ घातली तिनं 'सुटली' म्हटलं, की झालं. पण देवीची शपथ अशी उंबऱ्यात उभ्यानं सोडवायची? कालिंदीबाईंचं मन धजेना. "मंगळवारी देवळात जाऊन ओटी भरते, क्षमा मागते. मग खुशाल खेळा," त्या म्हणाल्या. तीन दिवसांचा तर प्रश्न.

अंबादास शनिवारी गेले, रविवारी गेले. खाटेशेजारी बसून पाऊसपाण्याचं बोलून परत आले.

"काही म्हणाले का?"

"हसला. म्हणाला, अंबादास, तूबी मोठं माणूस झालास व्हय?"

सोमवारी सकाळी हंबीरराव गेला.

कालिंदीबाई मंगळवारी तरीही देवळात गेल्या. ओटी भरली. काय मागायचं ते सुचेना, नुसत्याच उभ्या राहिल्या. मागच्या बायकांनी पुढं सरकवलं तेव्हा हलल्या.

घरी अंबादास सोप्यात बसले होते. "सुटली हो," त्या म्हणाल्या.

"बरं."

मग एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कालिंदीबाईंनी विचारलं, "नावेत कोण कोण होतं?"

"सतरा माणसं. दोन म्हशी. एक बाळंतीण."

"मग उतरवा की त्यांना. पुढचं तुम्हीच सांगत होता ना?"

अंबादासांनी नाही म्हणून मान हलवली. "मी फक्त पाणी किती चढलं ते सांगायचो, कालिंदी. वल्हं त्याच्या हातात होतं."