अर्ध्या मिनिटाची मालकीण

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर दोन बायका राहतात. एक वहिनी, दुसरी तिची नणंद. वहिनी टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या, म्हणून त्यांना सगळे ऑपरेटरबाई म्हणतात. नणंद मुलींच्या शाळेत कवायत आणि खेळ शिकवायच्या, म्हणून त्या ड्रिलबाई. दोघींनी सत्तरी ओलांडली आहे. घरात ‘वहिनी’ आणि ‘वन्सं’ अशी हाक, आणि भांडण कितीही पेटलं तरी ‘तुम्ही’ काही सुटत नाही. “तुमचं डोकं ठिकाणावर आहे का, वन्सं?” हेसुद्धा अदबीनं विचारलं जातं.

ऑपरेटरबाईंच्या तोंडाला कुलूप नाही. जिन्यात गाठ पडली तर हातातलं दूध नासेपर्यंत सोडत नाहीत. याच बाईंनी सगळी नोकरी तोंड मिटून केली, यावर नव्या भाडेकरूंचा विश्वास बसत नाही. त्या काळी फोन माणसाला जोडून द्यावा लागायचा. समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायरी, कानाला हेडफोन. याची वायर त्याच्या भोकात खुपसायची, “बोला, लाईन लागली” म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. ऐकायचं नाही, आणि कानावर पडलंच तर ओठांवर येऊ द्यायचं नाही, असा नियम. कानावर सगळंच पडायचं. कोणाकडे पाळणा हलला, कोणाचा कारखाना बसला, कोण कोणाबरोबर पळालं, हे त्यांना सगळ्या गावाच्या आधी कळायचं. आणि गावाला कळेपर्यंत ती बातमी पोटात ठेवून त्या घरी भाजी चिरत बसायच्या.

स्वतःच्या घरचंही तेच. ड्रिलबाईंचं तरुणपणी लग्न ठरलं होतं. ते मोडल्याचा फोन ऑपरेटरबाईंच्या सासऱ्यांच्या, म्हणजे ड्रिलबाईंच्या वडिलांच्या, दुकानात आला, तो ऑपरेटरबाईंनीच जोडून दिला. संध्याकाळी घरी आल्या, चकार शब्द काढला नाही, फक्त नणंदेच्या ताटात दुप्पट वाढलं.

“तेवढ्यावरून मी काय ते समजले,” ड्रिलबाई सांगतात. “आणि ताटातलं सगळं संपवलं. तसाही त्या माणसाला जिना चढताना दम लागायचा.”

पुढे ऑपरेटरबाई निवृत्त झाल्या तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी त्यांना न सांगता समारंभ ठरवला. पण बाहेरचे फोन त्यांच्याच बोर्डावरून जायचे, त्यामुळे केकची ऑर्डर द्यायचा फोनही त्यांनीच जोडून दिला. समारंभाच्या दिवशी दार उघडल्यावर चकित झाल्याचं सोंग त्यांनी इतकं छान वठवलं की साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तर अशा या बाईंच्या हाती म्हातारपणी अचानक एक खजिना लागला.

आपला संघ त्या वर्षी फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धेत एकेक सामना जिंकत पुढे चालला होता. आधी ज्यांना कॉर्नर कशाशी खातात हे माहीत नव्हतं, तेही बचावफळीवर बोलू लागले होते. इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एक हॉल आहे, त्यात चेअरमननी प्रोजेक्टर बसवला. चेअरमन म्हणजे कोपऱ्यावरचे केमिस्ट. माणूस चांगला, पण प्रत्येक गोष्ट औषधासारखी वेळच्या वेळी आणि मोजून व्हावी असं वाटणारा.

हॉल बरोबर या दोघींच्या डोक्यावर. उपांत्यपूर्व सामन्यात आपला खेळाडू चेंडू घेऊन अजून मैदानाच्या मध्यावरच होता, आणि खालून ऑपरेटरबाईंची आरोळी आली, “गेला गं बाई, गेला!” आम्ही वर एकमेकांकडे बघतोय. अर्ध्या मिनिटानं त्याने खरंच गोल केला. आनंद झाला, पण उष्टा.

दुसऱ्या गोललाही तेच झालं, तेव्हा चेअरमननी उलगडा केला. “आपलं चित्र इंटरनेटवरून येतं, दहा ठिकाणी थांबत थांबत. यांच्या टीव्हीला गच्चीवरचा तो जुना अँटेना आहे. त्यांना थेट दिसतं.”

तो गंजका अँटेना ऑपरेटरबाईंच्या नवऱ्यानं हयात असताना बसवला होता. काढून टाका म्हणून चेअरमननी दोनदा सांगून पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा बाईंनी ऐकू न आल्याचं सोंग केलं होतं. आता चेअरमन खाली गेले ते मऊ आवाजात.

“काकू, सामना बघताना जरा हळू. वरच्यांना आधीच कळतं.”

“काय कळतं?”

“गोल झाल्याचं. तुम्हाला आमच्याआधी दिसतं.”

ऑपरेटरबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ड्रिलबाई सांगतात, त्या क्षणी वहिनींचा चेहरा लॉटरी लागलेल्या माणसासारखा झाला. आयुष्यभर सगळं आधी कळलं आणि एकदाही बोलता आलं नाही; आणि आता हा माणूस घरी येऊन सांगतोय की तुम्हाला अजूनही आधी कळतं, आणि यावर टेलिफोन खात्याचा कुठलाही नियम लागू नाही.

“बरं हो,” त्या म्हणाल्या. “तोंडातून आवाज काढणार नाही.”

शब्द पाळला. उपांत्य सामन्यात त्या ओरडल्या नाहीत, नुसत्या खोकल्या. वर हॉलमध्ये आम्ही सगळे पडद्याकडे डोळे आणि फरशीकडे कान लावून बसलेलो. खोकला आला की सगळे एकमेकांना विचारायचे. हा आपल्या गोलचा खोकला की त्यांच्या? एकदा खालून खुर्ची सरकली, तर आमच्यातल्या एकानं पेनल्टी झाली म्हणून डोकं धरलं. काहीच झालं नव्हतं, बाई पाणी प्यायला उठल्या होत्या. मग त्यांच्या हे ध्यानात आलं, आणि त्या पंधरा मिनिटांत आठ वेळा पाणी प्यायल्या.

सामना आपण जिंकलो, पण सगळ्यांच्या नसा ताणून तुटायच्या बेतात होत्या.

अंतिम सामन्यासाठी चेअरमननी जालीम उपाय काढला. दोघींना मानाचं निमंत्रण. सगळ्यांत पुढची गादीची खुर्ची, चहा, बिस्किटं. बाई वर आल्या की खालचा टीव्ही बंद. ड्रिलबाई म्हणाल्या, “माझ्या गुडघ्यांना जिना झेपत नाही. मी खालीच बसेन, वाटलं तर टीव्ही लावेन.” चेअरमननी क्षणभर विचार केला. ड्रिलबाईंचा चढा आवाज शाळेतली नोकरी सुटल्यापासून कोणी ऐकलेला नव्हता. त्या भूकंप झाला तरी घड्याळ बघून उठतील अशा. म्हणाले, “हरकत नाही.”

इथे ते फसले.

अंतिम सामन्याच्या दिवशी हॉल खचाखच भरला. आजूबाजूच्या घरांतला आवाज येऊ नये म्हणून खिडक्या बंद. दारात चेअरमन टोपली घेऊन उभे. कोणी मोबाईलवर आधी स्कोअर बघू नये म्हणून प्रत्येकानं आपला फोन त्यात टाकायचा. ऑपरेटरबाईंनी पर्समधून फोन काढून टोपलीत ठेवला. तो तीन वर्षांपूर्वी मेलेला फोन होता. जिवंत फोन स्वेटरच्या खिशात, थरथरीवर. ठरलं असं होतं: आपलं काही चांगलं होणार असेल तर ड्रिलबाईंनी रिंग द्यायची आणि लगेच तोडायची. वाईट होणार असेल तर रिंग वाजत ठेवायची.

मी बाईंच्या शेजारी बसलो होतो. सामना सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि त्यांच्या अंगाला कापरं भरल्यासारखं वाटलं. म्हटलं, थंडी वाजतेय. बाई शांतपणे म्हणाल्या, “आता एक बसणार बरं का आपल्यावर.”

पडद्यावर चेंडू आपल्याच माणसाच्या पायात होता. सगळ्यांनी त्यांच्याकडे रागानं पाहिलं. तेवढ्यात आपल्या उंच बचावपटूनं, ज्याला आम्ही खांब म्हणायचो, चेंडू सरळ समोरच्या पांढऱ्या शर्टवाल्याला दिला, आणि गोल.

मध्यंतरानंतर परत कापरं. “अजून एक.” अजून एक बसला. दोन शून्य. मागून कोणीतरी म्हणालं, “यांना खाली पाठवा.”

मग खेळ फिरला. बाईंच्या खिशात एक छोटीशी थरथर झाली आणि त्या चहाचा कप खाली ठेवत म्हणाल्या, “आता आपला.” कॉर्नरवरून डोक्यानं गोल. सामना संपायला आला, पंच घड्याळ बघतोय, लोक चपला शोधतायत, आणि बाई म्हणाल्या, “बसा. अजून एक आहे.” लोक बसले. गोलरक्षकाच्या हातून निसटलेला चेंडू कोणाच्या तरी गुडघ्याला लागून आत गेला. दोन-दोन.

यानंतर हॉलमध्ये बाईंचं स्थान काय झालं ते सांगायला नको. जादा वेळेत गोल झाला नाही, पण लोक पडदा सोडून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. चेअरमननी स्वतःची बिस्किटं त्यांच्या बशीत ठेवली.

“काकू, तुम्हाला हे दिसतं कसं?”

“वयानं येतं हो,” बाई म्हणाल्या.

पेनल्टी सुरू झाल्या. खेळाडू चेंडू ठेवायलाही पोचलेला नसायचा आणि बाई निकाल द्यायच्या. “त्यांचा जाईल.” गेला. “आपलाही जाईल.” गेला. “आपला हा हुकतोय.” हुकला. “काळजी नको, त्यांचाही एक अडतो.” अडला. मग पांढऱ्यांचा पाचवा आला आणि बाईंनी डोळे मिटून सांगितलं, “गोलरक्षक डावीकडे झेपावणार आणि अडवणार.” डावं-उजवं त्यांनी पदरचं घातलं होतं. गोलरक्षक उजवीकडे झेपावला, पण अडवला. कोणी तक्रार केली नाही.

आता आपली शेवटची पेनल्टी. गेली तर चषक आपला. आणि चेंडूकडे चालत निघाला खांब, ज्याच्या चुकीनं पहिला गोल झाला होता तोच.

हॉलमध्ये सगळ्यांच्या नजरा गादीच्या खुर्चीवर. बाईंचा हात स्वेटरच्या खिशावर. थरथर सुरू झाली. थांबेना. मी शेजारी बसून बघत होतो; त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

“काकू?” चेअरमननी विचारलं.

तोंडात बातमी आणि ती सांगवेना, अशी पाळी बाईंवर नोकरी सुटल्यापासून आली नव्हती. शेवटी जमिनीकडे बघत म्हणाल्या, “नाही जात हो. वरच्या दांड्याला लागतोय.”

सगळा हॉल खचला. कोणी डोळे पुसले, कोणी तोंड फिरवलं. चेअरमन उठून भिंतीकडे बघत उभे राहिले. पडद्यावर खांब धावला, ते मोजक्या लोकांनीच पाहिलं. त्यात बाई होत्या. त्यानं चेंडू मारला. चेंडू दांड्याच्या खालून, जाळीच्या वरच्या कोपऱ्यात, आत.

क्षणभर कोणाला काही कळलंच नाही. आत गेलेला चेंडू दिसतोय, पण बाईंनी तर नाही म्हणून सांगितलंय. सगळ्यांत आधी बाईच ओरडल्या. “अहो, गेला! अहो, हा तर गेला!” त्या उठल्या त्या माझ्या पायावर उभ्या राहिल्या आणि तिथेच उड्या मारू लागल्या. मग सगळा हॉल उठला. खुर्च्या पडल्या, चहा सांडला, चेअरमननी कधी नव्हे ते बायकोला सगळ्यांसमोर मिठी मारली.

या गदारोळात बाईंच्या खिशातला फोन खाली पडला. पडला तोही थरथरत, आणि फरशीवर गोल गोल फिरत चेअरमनच्या बुटाशी जाऊन थांबला. त्यावर नाव झळकत होतं: वन्सं. चेअरमननी तो उचलला आणि कानाला लावला.

“झालं का हो तुमच्याकडे?” पलीकडून शांत आवाज आला. “आमच्याकडे मघाशीच झालं.”

चेअरमननी फोनकडे पाहिलं. टोपलीतल्या मेलेल्या फोनकडे पाहिलं. बाईंकडे पाहिलं. एरवी त्यांनी सभा बोलावली असती. पण त्या दिवशी चषक आपला होता. त्यांनी फोन बाईंच्या हातात दिला आणि फक्त एवढंच म्हणाले, “काकू, वयानं येतं होय?”

बाई धापा टाकत खाली आल्या. मी त्यांना हात धरून आणलं, म्हणून पुढचं मला ऐकायला मिळालं. ड्रिलबाई टीव्हीसमोर पाय पसरून चषक देण्याचा समारंभ बघत होत्या.

“वन्सं, रिंग का वाजत ठेवलीत? माझी अब्रू गेली सगळ्यांसमोर.”

“ठेवली.”

“चुकून?”

“कवायतीत मुलींना दिशा दाखवताना माझं बोट कधी चुकलं नाही, ते फोनवर चुकेल?” ड्रिलबाई म्हणाल्या. “मुद्दाम ठेवली. म्हटलं, एवढा गोल तरी तुम्ही आधी न कळता बघावा. इतरांबरोबर. कसं वाटलं?”

ऑपरेटरबाईंनी खुर्चीत अंग टाकलं. केस विस्कटलेले, चष्मा एका कानावर.

“जीव जातो की हो माणसाचा,” त्या म्हणाल्या. “लोक असंच बघतात सगळं? आधी काही माहीत नसताना?”

“असंच बघतात.”

“वेडेच आहेत,” बाई म्हणाल्या, आणि हसू लागल्या ते थांबेनात. ड्रिलबाईंनी उठून, दुखऱ्या गुडघ्यांनी, त्यांना पाणी आणून दिलं.

आता सामना असला की ऑपरेटरबाई हॉलमध्ये असतात आणि दोन्ही फोन स्वतःहून टोपलीत टाकतात. जिवंत कुठला आणि मेलेला कुठला तेही सांगतात. ड्रिलबाईंचे गुडघेही एकाएकी सुधारले आहेत. त्या पहिल्या रांगेत बसतात, आणि इतकी वर्षं गप्प राहिलेल्या या बाई प्रत्येक फाऊलला पंचाची चूक काढून सगळ्यांना नियम समजावतात, तेही शाळेच्या मैदानावर शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात. मागच्या सामन्यात त्यांनी एका ऑफसाईडवर इतका वेळ घेतला की मधला गोल सगळ्यांचाच हुकला. चेअरमन परवा जिन्यात मला थांबवून हळूच विचारत होते, यांचे गुडघे परत दुखायला लागतील असं काही करता येईल का. मी म्हटलं, केमिस्ट तुम्ही आहात.