धुक्यातल्या गुरुवारचा शर्ट

दोह्यातल्या हिवाळ्यात चार-पाच सकाळी अशा येतात, की खिडकी उघडावी आणि समोर काही नसावं. अल हिलालमधल्या आमच्या घरासमोर एक पांढरी व्हिला आहे, तिच्या कुंपणावर बोगनवेल, पुढे किराणा दुकान आणि त्याच्या पलीकडे मशीद. धुकं पडलं की हे सगळं जातं. अजान तेवढी येते, मिनाराशिवाय, हवेतून कुठूनतरी. दुकानाची पाटी हिरवट उजळते, पण पाटीखाली दुकान नसतं. मी चहाचा कप घेऊन खिडकीत उभा राहतो आणि मला बेहद्द आनंद होतो. वर्षातले आठ महिने जिथे डोळे बारीक करून चालावं लागतं, तिथे डोळे फाडूनही काही दिसू नये, ही गंमत माझ्यासाठी अजून जुनी झालेली नाही.

माझं काम इमारती गार ठेवण्याचं. थंडी मी पाइपांतून, पंख्यांतून, आराखडे काढून तयार करतो. त्यामुळे कुणाच्याही आराखड्याशिवाय आलेल्या थंडीकडे मी जरा धंद्यातल्या माणसाच्या कौतुकाने बघतो. माझा साहेब बर्फाच्या देशातला. तो म्हणतो, "आमच्याकडे गुडघाभर बर्फात शाळा भरते, आणि तुम्ही चौदा अंशांना स्वेटर शोधता." शोधतो. अंगाला एकदा इथली सवय लागली, की चौदा अंशांत दात वाजतात, त्याला आपला इलाज नाही.

तर त्या बुधवारी संध्याकाळी मुलीच्या शाळेचा निरोप आला. उद्या पहाटे दाट धुकं अपेक्षित आहे, शाळा सुरू राहील, मुलांना पाठवायचं की नाही हे पालकांनी ठरवावं.

पालकांनी ठरवावं! सत्तावीस मुलांच्या वर्गाचे चोपन्न पालक, आणि त्यांच्या हातात हा निर्णय. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर रणधुमाळी सुरू झाली. एकाचं म्हणणं, परीक्षा तोंडावर आहे. दुसरीचं म्हणणं, बस कुणाला धडकली तर परीक्षा कोण देणार? एका गृहस्थांनी लिहिलं की आम्ही नदी पोहून शाळेत जायचो. त्यावर त्यांच्याच बायकोने लिहिलं की यांच्या गावाला नदी नाही.

हे वाचून माझ्या अंगात आलं. कॉलेजात एकांकिकांच्या स्पर्धेत मी रंगमंचावर कधी गेलो नाही, पण विंगेत उभा राहून वादळं, घोड्यांच्या टापा आणि राजाच्या दवंड्या मीच द्यायचो. स्वयंपाकघरातून परात आणली. फोन तोंडाशी धरला, आधी वारा फुंकला, मग परात गदगदा हलवली आणि बातम्यांच्या आवाजात म्हणालो, "दोहा के माता-पिताओं, सावधान! कल सुबह ऐसा कोहरा आएगा, कि जो बच्चा बस में बैठेगा, वह सीधा सौदी अरब में उतरेगा! रजाई ओढ़िए और बच्चों को सुलाइए!"

"पुरे," बायको म्हणाली. "लोक खरं मानतात हं तुमचं."

"कोण मानतंय?"

जेवणं व्हायच्या आत वीस घरांनी मुलांना घरी ठेवायचं जाहीर केलं. काही जण हसले, पण हसूनही ठेवलंच. कुणीतरी माझा आवाज दुसऱ्या वर्गाच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो तिसऱ्या वर्गात गेला. मला प्रयोग हाऊसफुल झाल्यासारखं वाटलं. मी समाधानाने झोपलो.

सकाळी सव्वापाचला उठून बघतो तर खिडकीत काही नव्हतं, नेहमीप्रमाणे चहा आणि आनंद. वळलो तर मागे मुलगी उभी. गणवेश, बूट, वेणी, आणि मुठीत तीन रंगांचे मार्कर.

"आज सुट्टी आहे ना राणी, झोप की."

"बाबा, टुडे इज हर लास्ट डे," ती म्हणाली. आमची मुलगी मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. "आय टोल्ड यू. ट्वाइस."

सांगितलं होतं. गाडीत सांगितलं होतं, आणि मी तेव्हा तिला काहीतरी विनोदी ऐकवत होतो. तिच्या बाकावरची मैत्रीण, तीन वर्षं एकाच बाकावर, मूळची केरळची. तिच्या वडिलांचं कंत्राट संपलं होतं आणि त्याच रात्रीच्या विमानाने ते कायमचे जाणार होते. आखातातल्या शाळांत हे सारखं चालतं. वर्ग कधी पूर्ण भरत नाही, एक येतो, एक जातो. म्हणून मुलांनीच एक रीत पाडली आहे. जाणारं मूल शेवटच्या दिवशी पांढरा शर्ट घालून येतं आणि अख्खा वर्ग त्याच्यावर मार्करने नावं लिहितो. पाठीवर, बाह्यांवर, कॉलरवर. तो शर्ट मग कुणी धूत नाही.

"शी विल बी देअर," मुलगी म्हणाली, "अँड नोबडी विल बी देअर. बिकॉज ऑफ यू."

बायकोने माझ्याकडे बघितलं. परात अजून ओट्यावर होती.

मी गाडीची किल्ली घेतली.

तो रस्ता मला अजून स्वप्नात येतो. गाडी चालते आहे असं वाटतच नव्हतं, आम्ही स्थिर होतो आणि धुकं अंगावरून जात होतं. सिग्नलचे दिवे कशालाच लटकवलेले नव्हते, तांबड्याचा हिरवा होताना आजूबाजूचं सगळं पांढरं हिरवं झालं. पदपथावरून निळ्या कपड्यांतले कामगार एकामागे एक निघाले होते, त्यांचे फक्त छातीवरचे चमकते पट्टे दिसत होते, जणू पट्टेच चालले होते कामावर. ओळखीच्या चौकात मी ओळखीचं वळण सोडून पुढे गेलो. पुन्हा मागे फिरून शोधताना रस्ता ओलांडणाऱ्या एका मांजरीने मला रस्ता दाखवावा असं वाटलं, कारण आम्हां दोघांपेक्षा तिला जास्त दिसत असावं. काच खाली केली तर ओल्या मातीचा वास आला, आणि समुद्राचा. मुलगी पुढे वाकून बसली होती, तिच्या श्वासाने काचेवर एक गोल तयार होई आणि विरून जाई. पंधरा मिनिटांच्या रस्त्याला पन्नास लागली. मला ते संपू नये असं वाटत होतं आणि लवकर संपावं असंही.

शाळेच्या फाटकाशी आमच्या थांब्यावरच्या बसचे ड्रायव्हर मामा उभे होते. बीडकडचे, एकटेच राहतात इथे. हातातला चहाचा कागदी कप दोन्ही हातांनी धरलेला.

"आलात का मामा व्यवस्थित?"

"आलो बगा साहेब. दिसंनाच काही, नुसतं पांढरं. बारा लेकरं व्हती माझ्या मागं. रोजच्यावाणी पन्नास असती तर हातच लटलट कापायले असते." ते चहाकडे बघत म्हणाले, "बंदच ठिवायची व्हती शाळा. अन् ते ठरवायचं मोठ्या मान्सानं असतंय. ज्याच्या त्याच्यावर सोडून दिलं, मग मी कुणाला इच्यारू?"

माझ्या विनोदी निरोपाला अर्धं शहर हसलं, पण ज्याला खरोखर धुक्यात उतरायचं होतं त्याच्याशी कुणी बोललंच नव्हतं. शाळा बंद ठेवायला हवी होती, हे मला तिथे कळलं. बंद असती तर एक शर्ट कोरा राहिला असता, हेही मला त्याच क्षणी कळत होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि त्यांचं एकमेकींशी जमत नव्हतं.

वर्गात चार मुलं होती. मैत्रीण दाराशी उभी राहून जिन्याकडे बघत होती. शर्ट इतका पांढरा होता की मागच्या धुक्यात मिसळून गेला होता.

नऊच्या सुमाराला ऊन पडलं. ऑफिसच्या खिडकीतून उंच इमारती माना वर काढताना दिसल्या, आधी टोकं, मग खांदे. साडेनऊला आकाश निळंशार, आणि ग्रुपवर एक बाई विचारत होत्या, "ते सौदी अरबचं कोहरं कुठे गेलं?"

सव्वाला मुलीला आणायला गेलो. शर्टावर तीन नावं होती. दोन मुलांची आणि बाईंची.

"आणि तुझं?"

"लेटर," मुलगी म्हणाली.

मैत्रिणीने काही तक्रार केली नाही. "इट्स ओके, अंकल," म्हणाली, आणि ओके अजिबात नव्हतं हे मला तिच्या शर्टावरून दिसत होतं. मग मी दुसरा निरोप पाठवला. परात नाही, वारा नाही, साधा आवाज. कालचा आवाज माझा होता, मी मूर्खपणा केला, एका मुलीचा आज शेवटचा दिवस आहे, घराचं लोकेशन पाठवा, शर्ट तुमच्या दारी येतो आहे.

दोघींना घेऊन मैत्रिणीच्या घरी गेलो आणि तिच्या आईला विचारलं, तेव्हा ती बॅगेवर गुडघा रोवून चेन लावत होती. "पाँच बजे तक," ती म्हणाली. "शर्ट भी, लड़की भी."

मी साहेबाला फोन केला. म्हटलं, धुक्यात अडकलोय. तो म्हणाला, बाहेर ऊन आहे. म्हटलं, ते तुम्हाला दिसतंय.

लोकेशनं येतच गेली. पहिलं नजमा वस्तीतलं, एका कॅफेटेरियाच्या वरचा तिसरा मजला. जिन्यात कांद्याचा वास आणि दारांबाहेर बुटांचे ढीग. लुंगीतल्या गृहस्थांनी दार उघडलं, मी "अस्सलाम" म्हणेपर्यंतच त्यांनी मला थांबवलं. "अरे, आप ही हैं वो कोहरेवाले?"

"मीच," मी म्हणालो. "माफ करना."

"माफी छोड़ो. एक बार वो सौदीवाला फिर से बोलो. मेरी माँ सुनेंगी."

आतून एक म्हाताऱ्या बाई भिंतीला धरत आल्या. दुपारी अडीच वाजता, नजम्यातल्या जिन्यात, मी पुन्हा धुकं आणलं. तोवर त्यांचा नातू झोपेतून उठून मैत्रिणीच्या पाठीवर आपलं नाव लिहीत होता, जीभ बाहेर काढून. मैत्रीण गुदगुल्या होऊन हसत होती. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं हसू.

मग हेच होत राहिलं. दार उघडे, माझा आवाज ओळखला जाई, मला शिव्या किंवा शेंगदाणे मिळत, आणि शर्टावर एक नाव वाढे. एका इमारतीत पाच मुलं एकदम खाली आली आणि गाडीच्या बॉनेटवर मैत्रिणीला बसवून तिच्याभोवती कामाला लागली, जणू भिंत रंगवायची होती. दोघांच्या घराला कुलूप होतं. धुक्यामुळे शाळा बुडवली, आणि ऊन पडताच ते वाळवंटात तंबू ठोकायला गेले होते. शेवटचं लोकेशन उम्म सलाल मोहम्मदचं, शहराच्या उत्तरेला, लांब. पावणेचार झाले होते. मी "यल्ला" म्हणालो आणि निघालो. तिथे एका शेताच्या कडेला खजुरीच्या सावल्या लांबलेल्या होत्या, उन्हात अजूनही पहाटेचा ओलावा होता, आणि एक मुलगी पायजम्यात फाटकावर चढून आमची वाट बघत होती. तिने कॉलरच्या आत लिहिलं. बाहेर जागा उरली नव्हती.

परतताना दोघी मागच्या सीटवर होत्या. मैत्रीण पुढे वाकून बसली होती, शाई सीटला पुसू नये म्हणून. मी आरशात बघून म्हटलं, "अगं, तुझंच नाव राहिलं की."

"लेटर, बाबा."

पाचला पाच मिनिटं कमी असताना आम्ही त्यांच्या इमारतीखाली पोचलो. लॉबीत बॅगा रांगेने उभ्या होत्या. मैत्रिणीच्या आईने शर्ट पुढून बघितला, मुलीला फिरवून मागून बघितला, आणि पदराने, म्हणजे तिच्या ओढणीच्या टोकाने, डोळे पुसले. माझी मुलगी मार्कर हातात धरून उभी होती. टोपण काढलं, लावलं. पुन्हा काढलं.

"आय डोंट वॉन्ट टु," ती म्हणाली. "इफ आय राइट, देन इट्स फिनिश्ड."

 

मैत्रिणीने मार्कर तिच्या हातातून काढून घेतला. म्हणाली, "देन यू डोंट राइट. टर्न अराउंड." आणि माझ्या मुलीला भिंतीकडे वळवून तिच्या पाठीवर, तिच्या रोजच्या, शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीनंतर रविवारी पुन्हा घालायच्या गणवेशाच्या शर्टावर, ती लिहू लागली. पुष्कळ वेळ लिहीत होती. टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न दिला.

शुक्रवारी धुण्याच्या टोपलीत तो शर्ट नव्हता. शनिवारीही नव्हता. बायकोने शोधलं, मी शोधल्याचं नाटक केलं. रविवारी सकाळी आकाश स्वच्छ होतं, समोरची व्हिला, दुकान, मशीद सगळं जागच्या जागी, आणि हिवाळ्यात मध्येच येतो तसा चांगला उकाड्याचा दिवस होता. मुलगी जाडजूड निळा स्वेटर गळ्यापर्यंत घालून थांब्यावर उभी राहिली. नाकावर घाम आला होता.

"काढ तो," बायको म्हणाली. "अठ्ठावीस अंश आहे."

"आय ॲम कोल्ड," मुलगी म्हणाली.

मी बायकोला म्हटलं, "असू दे. थंडी आहे हो फार."