डावीकडे झुकलेली कड

पहिली शिफ्ट सुटली, लॉकरमधून मोबाईल काढला तर काकूंचे सात मिस्ड कॉल. काकू एरवी फोन करत नाहीत, हाकच मारतात. चाकणजवळच्या निघोज्यातले माझे घरमालक, काकूंचे यजमान नाना, सकाळी परसातल्या मेथीच्या वाफ्याला पाणी देता देता गेले. त्याला आता पाच आठवडे झाले.

मी मूळचा बीडचा. नोकरीसाठी चाकणला आलो आणि नानांच्या मागच्या खोलीत भाडेकरू म्हणून शिरलो, तो अकरा वर्षं तिथेच. एमआयडीसीत जमीन गेल्यावर नाना एका कंपनीच्या पार्किंगवर वॉचमन झाले होते. दिवसभर डोक्यावर ऊन. पांढऱ्या टोपीने ना कान झाकत, ना मान. डॉक्टरांनी उन्हापासून जपायला सांगितलं, तेव्हा आम्ही पिंपरी कॅम्पात चामड्याची हॅट घ्यायला गेलो. मी उतावळा, मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. नानांनी दोन तास लावले. कानांच्या वरून डोक्याला सुतळी गुंडाळून, मापाला गाठ मारून, ती घरूनच आणली होती. प्रत्येक हॅटच्या आत ती फिरवायची, मग हॅट घालून मान हलवायची, मग काढून आरशात कपाळावर वळ उठलाय का बघायचं. दुकानदार घाई करू लागला तर म्हणाले, "राव, बैल घेताना दात बघतो आमी. ही तर डोक्यावर बसणार हाय."

रुंद कडेची तपकिरी हॅट घालून नाना गावात आले, तर पारावरून आवाज आला, "नाना, घोडा कुठं बांधलाय?" नाना म्हणाले, "पार्किंगला."

तिची निगा म्हणजे एक व्रतच. माथा चिमटीत धरायचा नाही. ठेवताना उलटी ठेवायची, म्हणजे कड वाकत नाही. महिन्यातून एकदा मेणाचा हात. भिजली तर सावलीतच वाळवायची... आणि मी शहाण्याने एकदा भिजलेली हॅट तापल्या पत्र्यावर ठेवली. संध्याकाळपर्यंत डावी कड आक्रसून खाली झुकली. नानांनी ती फिरवून पाहिली. "डावा कान जास्त झाकंल आता," एवढंच म्हणाले आणि डोक्यावर घातली. मला मात्र ती कड दिसली की ओशाळल्यासारखं व्हायचं. नवी आणून द्यायची, असं दर दिवाळीला ठरवायचो. राहून गेलं.

तेराव्यानंतर काकूंनी हॅट माझ्या हातात दिली. "ते म्हनायचे, वापरलं न्हाई की कातडं तडकतं. तू वापर." मी मेण लावलं, पण फक्त बाहेरून. आतल्या पट्टीवर नानांच्या घामाचा काळा डाग आहे. हॅट नाकाशी नेली की नाना शेजारी येऊन बसतात... फार आठवण येते. निदान कड तरी सरळ करावी म्हणून ओलं फडकं घेतलं, तर काकूंनी हात धरला. "ऱ्हाऊ दे. नजर अधू झाल्यापासनं लांबून त्या कडंवरनंच वळखायची मी त्यांना."

परवा कामावरून येताना ती पहिल्यांदा घातली. काकू उंबऱ्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. मी वळणावर दिसताच सूप बाजूला सारून उठल्या, पदर सारखा केला आणि लगबगीने आत गेल्या. कप घेऊन बाहेर आल्या, तेव्हा मी हॅट काढून हातात धरली होती.

"उद्याबी घालून ये," काकू म्हणाल्या.

मी हॅट ओट्यावर उलटी ठेवली आणि कप घेतला. चहा बिनसाखरेचा होता, नानांना लागायचा तसा. मी साखर मागितली नाही.