तेरा मिलिमीटर जास्त

आमच्या तालुक्याच्या गावाला नदी होती, पण वर्षातले आठ महिने तिच्यात वाळू आणि वाळूच्या गाड्याच असत. बोटीत मी पहिल्यांदा बसलो तो मुंबईला आल्यावर, मार्व्याहून मनोरीला जाताना. ती दहा मिनिटं मी दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून बसलो होतो. अशा माणसाने पुढे दोन वर्षांत शर्यतीची बोट घडवायला घ्यावी, हे आज आठवतानाही मला थोडं अवघडल्यासारखं होतं.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो, घरातला पहिलाच. वडील बाजार समितीत हमाली करायचे. त्यांनी पोती वाहिली म्हणून मी कॉलेजात बसलो, हे मी कधी विसरलो नाही. मुंबईत चुलत भावाने, म्हणजे दादाने, घाटकोपरच्या चाळीतल्या एका खोलीत मला जागा दिली आणि मुलुंडच्या एका कारखान्यात मला चिकटवलं. तिथे पंपांची ओतीव कवचं व्हायची. कवच ओतण्याआधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करतात. तो वाळूत दाबून काढला की पोकळी राहते आणि तिच्यात वितळलेला धातू ओततात. नमुने करणाऱ्या त्या खात्याला पॅटर्न शॉप म्हणत. मी तिथला कारकून. ड्रॉइंग द्यायची, परत घ्यायची, वहीत लिहायचं.

इन्स्पेक्शन खात्यात एक जागा निघाली तेव्हा मी अर्ज केला. दिवसभर मापं घेण्याचं काम. वाटलं, हे आपल्याला जमेल, हे आपण शिकलोय. वर्क्स मॅनेजर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"कागदावर हुशार आहेस ते दिसतंय," ते म्हणाले. "हाताने काय केलंयस आजवर?"

"काही नाही, सर."

"काहीच नाही?"

"सायकलचं पंक्चर काढलंय."

ते हसले नाहीत. त्यांनी खणातून एक ड्रॉइंग काढलं. दर रविवारी पवईच्या तलावावर चार-पाच हौशी माणसं शिडाच्या छोट्या, बिनमाणसाच्या बोटी सोडत, साहेब त्यांतले एक. त्यांना नव्या बोटीचं हल हवं होतं, म्हणजे शीड, डोलकाठी वगैरे सोडून बोटीचं नुसतं पाण्यात बसणारं अंग.

"रंधा कसा धरायचा ते मेस्त्री दाखवतील. पण मापं तू घ्यायची, खुणा तू करायच्या. लांबी एक मीटर, त्याच्या वर एक मिलिमीटर चालणार नाही. शर्यतीआधी तिथे बोट मापाच्या पेटीत बसवून बघतात. पेटीत बसली तर अर्जाचं बघू. पाच आठवडे आहेत तुला."

त्या दिवसापासून माझं बूड एका जागी टेकेना.

मेस्त्री मालवणकडचे, पन्नाशीचे, पॅटर्न शॉपमधले सगळ्यात जुने. मला ते नावाने हाक मारत नसत. "काय रे बीएस्सी, तुका बोट करूची आसा? मग त्या वहीतून हात काढ." लाकडाचा ओंडका कोरण्याऐवजी त्यांनी पाच फळ्या एकावर एक चिकटवायला सांगितल्या. प्रत्येक फळी त्या त्या उंचीवरच्या आकारात आधी कापायची, मग पायऱ्या दिसतात त्या रंध्याने घासून एक करायच्या, शेवटी आतून कोरून पोकळ करायचं आणि वरून पातळ फळीने झाकायचं. जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास आणि सुटल्यानंतरचा एक तास, एवढा वेळ मला मिळे. भिंतीवर लांब पोलादी पट्ट्या टांगलेल्या असत, त्यांतली एक खिडकीपाशी. मी ती काढायचो, ड्रॉइंगवरचा आकडा तीनदा वाचायचो आणि मग फळीवर रेघ मारायचो.

माझ्याच्याने थांबणं होत नसे. सरस वाळायला फळ्या शिकंज्यात दिवसभर आवळून ठेवाव्या लागत, आणि मी दर तासाला ड्रॉइंग देण्याच्या निमित्ताने तिकडे जाऊन कडेला बोट लावून बघायचो.

"अंड्यावर बसलेली कोंबडी पण एवढी उठबस करीत नाय," मेस्त्री म्हणत. "हात लावून सरस लवकर सुकता काय रे?"

रंधा हाती आला तेव्हा तर फारच वाईट अवस्था झाली. नाकाकडून मागे जाताना लाकूड कुठे फुगतं आणि कुठे आत वळतं, हे डोळ्यांना कळत नाही, तळहाताला कळतं. हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं आणि मग तळहात ऐकेचना. बसच्या खिडकीची कड, बाकाची पाठ, घरातला पाण्याचा हंडा, जे वळणदार दिसेल त्यावरून हात फिरायचा.

"भावोजी, हंडा भरायचाय, कुरवाळायचा नाही," वहिनी म्हणाल्या. मागून दादा ओरडला, "बस ना यार एका जागी. तुझ्याकडे बघून मला चक्कर येते."

आकार मेस्त्री पाहायचे. डोळे मिटून दोन्ही हात दोन्ही बाजूंनी एकदम फिरवत न्यायचे आणि जिथे थांबतील तिथे पेन्सिलीची खूण करायचे. माप मात्र त्यांनी एकदाही घेतलं नाही, तसं ठरलंच होतं. शेवटच्या आठवड्यात पुट्टी भरून, काचकागद मारून, रंगाचे दोन हात देऊन मी पट्टी लावली. नऊशे नव्याण्णव. पुन्हा लावली. नऊशे नव्याण्णव. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी केलं होतं, आणि ते मापात होतं.

गुरुवारी संध्याकाळी हल गोणपाटात गुंडाळून घरी नेलं. रविवारी पवईला नेताना रंगाला चरे पडू नयेत म्हणून वहिनी जुन्या पडद्याच्या कापडाची पिशवी शिवून देणार होत्या. त्या चाळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवत. त्यांनी गळ्यातली टेप काढून हलवर धरली.

"किती लांब म्हणालात?"

"एक मीटर. त्यातही एक मिलिमीटर कमीच."

"ते मिली राहू द्या. माझ्या टेपवर एकशे एकच्या वर जातंय."

"टेप जुनी आहे तुमची. ताणली गेली असणार."

"हिच्यावर अख्ख्या चाळीचे ब्लाउज शिवलेत. एक बाई परत आली नाही अजून."

मी हसलो आणि त्यांना समजावून सांगू लागलो. कापडी टेप वापरून वापरून लांबते, तिच्यावरचे सेंटिमीटर मोठे होतात, आणि त्यामुळे वस्तू... इथे मी थांबलो. सेंटिमीटर मोठे झाले तर वस्तू त्यांत कमी भरायला हवी. वहिनींची टेप ताणलेली असती तर तिने बोट लहान दाखवली असती. ती मोठी दाखवत होती.

मी चपला घालून खाली गेलो, वह्या-पेनांच्या दुकानातून प्लास्टिकची फूटपट्टी घेतली आणि जिने चढत वर आलो. चार वेळा मोजलं. एक हजार बारा मिलिमीटर. दादाकडून सुतळी घेऊन पुन्हा मोजलं. एक हजार बारा. वहिनी शिवण थांबवून बघत होत्या. "सेंटिमीटरभराने काय होतंय एवढं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नोकरी जाते." मग म्हटलं, "जात नाही, मिळत नाही." जेवण नीट झालं नाही. गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. शेजारच्या आजोबांनी दार लावून घेतलं एवढं आठवतं.

शुक्रवारी शॉप उघडायच्या आधीच मी दारात उभा होतो. मेस्त्रींना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे डबा खुंटीला लावला.

"पट्टी खंयची घेतलंस?"

मी खिडकीकडे बोट केलं.

"ती ॲल्युमिनियमची पट्टी रे."

"पोलादी आहे ती, मेस्त्री."

मग त्यांनी ती काढून आणली आणि टोकाला बोटाने चोळली. तेलाच्या काळ्या थराखाली अक्षरं ठोकलेली होती. धातू थंड होताना आकसतो, म्हणून लाकडी नमुना तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशोब करत बसायला नको म्हणून पॅटर्नवाल्यांच्या पट्ट्याच मुळात मोठ्या असतात. बिडासाठी वेगळी, पितळेसाठी वेगळी, ॲल्युमिनियमसाठी वेगळी. या पट्टीवर जिथे एक मीटर लिहिलेलं होतं तिथे खरी लांबी एक मीटर तेरा मिलिमीटर होती. उष्णतेने धातू किती वाढतो आणि थंडीने किती आकसतो, याची गणितं मी परीक्षेत सोडवली होती. पूर्ण मार्क मिळाले होते. त्या शॉपमध्ये दोन वर्षं बसून ड्रॉइंग वाटली होती. भिंतीवर एकाऐवजी चार पट्ट्या का टांगल्यात, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

"तुम्ही सांगितलं नाहीत," मी म्हणालो. आवाज चढला होता.

"माका वाटला तुका म्हायत आसतला. एवढो शिकलेलो माणूस." मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. "आता एक कर. ओत तिका ॲल्युमिनियममधे. बरोबर मीटरभर भरतली."

मला हसू आलं नाही. ते पाहून त्यांनी हल उलटं केलं आणि मागच्या टोकावर बोटाच्या पेराने ठोकत गेले. नाक कापलं तर बोट पाणी कापणार नाही. पण मागची सपाट भिंत आम्ही कोरताना वीसेक मिलिमीटर जाड ठेवली होती. तेरा काढले तर सात उरतील. माझी पटाशी आत एखाद्या जागी खोल गेली असेल तर तेवढेही नाहीत, आणि मग करवत थेट पोकळीत उतरेल.

"तुम्ही कापा, मेस्त्री."

"माप तुझा, चूक तुझी. करवत पण तूच धर."

या वेळी ते स्वतः खरी पट्टी घेऊन आले, माझ्या हातात दिली आणि मी रेघ मारेपर्यंत मागे हात बांधून उभे राहिले. मी करवत चालवायला लागलो. दर चार हातांनी थांबून फटीत बघायचो.

"बघून काय होतला? काप."

चकती खाली पडली तेव्हा तिच्यावर फळ्यांच्या जोडाच्या रेघा दिसत होत्या. भोक नव्हतं. मेस्त्रींनी उरलेल्या भिंतीवर पुन्हा पेर मारलं. आवाज आधीपेक्षा खूपच पातळ आला. "ऱ्हवात," ते म्हणाले, म्हणजे टिकेल. मग जरा खाली आवाजात, "साहेबाक कशाक सांगतंस? पेटीत बसली की झाला."

शनिवारी दुपारी रंगाचा हात दिला. रविवारी सकाळी पवईला पोचेपर्यंत पिशवीतून रंगाचा वास येत होता. मेस्त्रीही आले होते, पांढरा शर्ट घालून. साहेबांच्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ लाकडी पेटी घेऊन बसले होते. त्यांनी माझ्या हातातून हल घेतलं, पेटीत नाक टेकवलं आणि मागचं टोक खाली दाबलं. लाकूड लाकडाला घासल्याचा आवाज झाला आणि हल तळाला बसलं.

"चालेल. पुढची आणा."

साहेबांनी ते उचललं, उजेडात धरलं, नाकापासून मागपर्यंत हात फिरवला. शेवटी अंगठा थांबला. त्यांनी हात काढला तेव्हा मागच्या भिंतीवर ठसा उमटला होता.

"बाकीचा रंग वाळलाय. हा ओला कसा?"

मेस्त्री तलावाकडे बघू लागले. माझ्या डोक्यात तीन-चार उत्तरं तयार होती, रात्रभर बसवलेली. ती सगळी तशीच राहिली. मी सगळं सांगून टाकलं, पट्टीपासून करवतीपर्यंत, एका दमात आणि बराच उलटसुलट.

"कुणाच्या लक्षात आलं हे?"

"वहिनींच्या. शिवणाच्या टेपने."

"मग जागा त्यांनाच द्यायला हवी," साहेब म्हणाले. पेटीवाले गृहस्थ हसले. साहेब डोलकाठी बसवायला खाली वाकले. "पेटीत तर बसली होती. मला का सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

त्यांनी डोलकाठी घट्ट केली. शीड चढवलं, दोऱ्या ताणल्या, सुकाणू बसवलं. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभा होतो. आता बोलतील, मग बोलतील. पाण्यात पाऊल घालून त्यांनी बोट वाऱ्याकडे वळवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून इन्स्पेक्शनला जा. आता इथे काय उभा राहिलास, पळ. पलीकडून तिला कुणी पकडलं नाही तर दगडांवर आपटेल."

बोट सुटली होती. बाजूची दुसरी बोट तिच्या पुढे होती. मी चपला हातात घेऊन काठाकाठाने पळत सुटलो. चिखल, गवत, मध्येच कपडे धुणाऱ्या बायका. मागून मेस्त्री ओरडत होते, "बीएस्सी, मगर आसा हां त्या बाजूक." साहेब नेमकं काय म्हणाले ते मी पळता पळता पुन्हा पुन्हा ऐकत होतो, आणि दर वेळी मला खात्री वाटेना.

पलीकडे पोचलो तेव्हा दुसरी बोट येऊन गेली होती. आमची अजून येत होती, एका कुशीवर कलून. तिच्या मागच्या भिंतीत सात मिलिमीटर होते, कदाचित सहा. मी गुडघाभर पाण्यात शिरलो. ती सरळ माझ्या हातांत आली. मी तिला वर उचललं आणि कानाशी धरून हलवलं. आत पाण्याचा आवाज नव्हता. मग पुन्हा एकदा हलवून पाहिलं.