क्रशर बंद झाला तेव्हा

“ओरडू नको! अरे मेल्या, ओरडू नको!” बाई ओरडत होत्या.

मी गाता गाता थांबलो. आवाज थांबला नाही. तो समोरच्या भिंतीवर आपटला, पत्र्याखालून एक फेरी मारून आला आणि माझ्याच कानात शिरला. इतका कर्कश माणूस मी जन्मात ऐकला नव्हता.

आमचा बँड तिघांचा. बाई शाळेत विज्ञान शिकवतात आणि आमच्यात गिटार वाजवतात. ड्रमरची मुलगी त्यांच्या वर्गात, म्हणून तो त्यांना बाई म्हणतो, आणि त्याचं ऐकून मीही. ड्रमर बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात क्रशरवर असतो. मोठमोठ्या लाद्या आत ढकलायच्या, चुरा होड्यांवर पाठवायचा. त्याची पाळी संपली की दुसरा माणूस क्रशरवर उभा राहायचा आणि आम्ही शेजारच्या खोलीत सराव करायचो. मी दिवसभर औषधांच्या दुकानात गोळी जेवणाआधी की नंतर, ते सांगतो आणि संध्याकाळी गातो.

गातो म्हणजे काय, दहा वर्षं त्या क्रशरच्या वर आवाज काढला. लोक म्हणाले, हे पंक. आम्ही म्हटलं, असेल, पंकच. एस.टी.च्या वेळापत्रकावरचं आमचं गाणं इथे मांडवीच्या किनाऱ्यावर सुरू झालं की पार तिकडे संगमेश्वरच्या स्टँडवर माणसं पिशव्या उचलून उभी राहायची. अंजनवेलसमोरून एक देवमासा आमच्यामुळे माघारी फिरला म्हणतात. मी पाहिलेला नाही, पण देवमाशानेही कधी नाकारलं नाही.

दरवर्षी पावसाळ्यात मासेमारी बंदी लागली की सराव बंद. ड्रमर भातलावणीला गावी जायचा. यंदा नारळी पौर्णिमेचा कार्यक्रम मिळाला, म्हणून तो थांबला आणि आम्ही पहिल्यांदाच बंदीत जमलो. होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या, बर्फाला गिऱ्हाईक नाही, क्रशर गप्प.

“आपण पंक नव्हतो रे,” ड्रमर काठ्या खाली ठेवत म्हणाला. “आपल्याला ऐकूच येत नव्हतं.”

कोपऱ्यात शेवटच्या चार लाद्या उरल्या होत्या. त्यांच्यातून पांढरी वाफ जमिनीलगत सरपटत होती, आमचे पाय घोट्यापर्यंत नाहीसे झालेले. टप्, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टप्. बाईंनी त्या टपटपीच्या मधल्या जागेत एकेक सूर ठेवायला सुरुवात केली. ड्रमर नुसत्या तळव्यांनी ड्रम थोपटू लागला, जसं निजणाऱ्या पोराला. मला वाटलं, खोलीचा दोर सुटलाय आणि ती आम्हाला घेऊन खाडीत निघालीय. लाद्यांच्या आत निळसर उजेड हलत होता. त्यात मी एक पापलेट पोहताना पाहिलं, शपथेवर सांगतो.

गाणं बाईंनीच लिहिलेलं. त्यांचे वडील जहाजावर होते. त्यांचा फोन यायचा आणि दोन वाक्यांत तुटायचा, त्याचं.

“हे हळू गायचं. जमेल?”

“न जमायला काय झालं?”

नाही जमलं. ‘हॅलो’ या पहिल्याच शब्दाला बाहेरचे कावळे उडाले.

“असा हॅलो ऐकून माझ्या बाबांनी फोन ठेवला असता,” बाई म्हणाल्या. “आठ दिवस बघू. नाहीतर मीच गाईन.”

“मग मी काय करू?”

“तू काय वाजवतोस?” ड्रमरने विचारलं.

टाळ्या सोडून मला काहीही वाजवता येत नाही. दोघांनाही ते ठाऊक होतं.

आठ दिवस मी मांडवीच्या वाळूत, पाण्याकडे तोंड करून हॅलो म्हणत हिंडलो. लोकांना वाटलं, कानात फोन आहे. लाट ओसरताना जितका आवाज करते त्याहून कमी आवाजात म्हणायचं, असं ठरवलं. आठव्या दिवशी अख्खा समुद्र गप्प बसून ऐकत होता. बरं, अर्धा.

त्या संध्याकाळी लाद्या वितळून गेल्या होत्या, फरशी ओली होती. मी डोळे मिटून गायलो. आपल्याला असा आवाज आहे हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. तो जणू कुणी दुसऱ्याने लांबून, खराब लाइनवरून लावला होता. गाणं संपलं तरी डोळे उघडायचं धाडस होईना.

“बाई,” मी विचारलं, “राहू की जाऊ?”

“दुसऱ्या कडव्यात खोकलास,” त्या म्हणाल्या. “उद्या परत घेऊ.”